वर्तुळं, चौकटी आणि करी रोडची पहिली पाळी

मुंबईला मी लग्नाला गेले आहे, मयताला गेले आहे, सहा डिसेंबरला तर आईच्या कडेवर बसून गेले आहे. मुंबई बघायला म्हणून मात्र कधी गेले नव्हते. यंदा गेले ती अभ्यासक्रम बदलला म्हणून, आणि परत आल्यापासून वाटतंय, तो बदलला नसता तर बरं झालं असतं.

मी सोलापूरला बी.ए.च्या मुलांना भूगोल शिकवते. शहरातल्या जमिनीचा वापर हा धडा मी वर्षानुवर्षं एका खडूत उरकत आले. फळ्यावर एकात एक वर्तुळं काढायची. मधलं वर्तुळ बाजारपेठेचं आणि कचेऱ्यांचं. त्याच्या बाहेर मोडकळीला आलेली वस्ती, त्याच्या बाहेर कामगारांची घरं, मग बऱ्या लोकांची, आणि अगदी कडेला रोज लांबून ये-जा करणाऱ्यांची. प्रत्येक वर्तुळाला कारण आहे, कोण कशाच्या जवळ राहतो ते. हे झालं आधुनिक शहर. नव्या अभ्यासक्रमात त्याच्या पुढे आधुनिकोत्तर शहर आलं. त्याला मध्य नाही, कडा नाही. जमिनीच्या नुसत्या चौकटी. कुठल्या चौकटीवर काय उभं राहणार हे शेजारची चौकट ठरवत नाही, कुठेतरी लांब बसलेला पैसा ठरवतो. मुलांना काही केल्या समजेना, तेव्हा मी स्नेहसंमेलनात उरलेलं हाउजीचं तिकीट वर्गात नेलं. नंबर पुकारला जातो, एक चौकट खोडली जाते, बाजूचीला त्याचं सोयरसुतक नाही. मुलं हसली. पण पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही पाहिलंय का असं शहर?"

नव्हतं पाहिलं. सोलापुरात गिरणी बंद पडली की तिच्या आवारात बाभळी वाढतात, शेळ्या चरतात, आणि जागेचं भांडण कोर्टात म्हातारं होतं. आमचे वडील कामाला होते त्या गिरणीचं तेच झालं. मुंबईत गिरणी बंद पडली की काय होतं हे ऐकून माहीत होतं. म्हटलं, सुट्टी आहे, करी रोडला सुशीलाताई आहे, जाऊन डोळ्यांनी पाहून येऊ. तिची चाळ पाडून मनोरा बांधणार होते आणि रविवारी त्यातल्या घरांची सोडत होती, तेही बघायला मिळणार होतं. मी अगदी हौसेने निघाले.

करी रोड

सुशीलाताई माझी मावसबहीण. चाळीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन ह्या चाळीत आली. तिचे यजमान, दिनकर भावजी, गिरणीत साचेखात्यात, मागांवर होते. गिरणी गेली, मग त्यांनी वॉचमनकी केली, आणि पाच-सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. चार-दोन शब्द राहिले, त्यात एक 'पाळी'. मुलगा प्रशांत लग्नानंतर बदलापूरला राहायला गेला. ताई परळच्या एका कॅन्टीनमध्ये पोळ्या करते, सकाळी जाते ती दुपार उलटल्यावर येते. ह्या सगळ्यात भावजींना कोण बघतं, हा प्रश्न मला सोलापुरात नेहमी पडायचा, पण फोनवर विचारायचा धीर होत नसे.

पोचले त्या सकाळी उत्तर मिळालं. पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढतेय, तोवर दारात एक काटक म्हातारा उभा. खांद्यावर पंचा, हातात दाढीची वाटी.

"पाळी?" भावजींनी विचारलं.

"पयली," म्हातारा म्हणाला. "परब हजर आसा." मग माझ्याकडे बघून, "ही सोलापूरवाली काय गो सुशीला? बस बस. माका काय पाव्हणो समजा नको."

त्यांनी भावजींना काखेत धरून उठवलं, गॅलरीच्या टोकाला संडासापर्यंत चालवत नेलं, आणलं, पुसलं, खुर्चीत बसवलं, आणि गॅलरीतल्या उजेडात त्यांची दाढी करायला घेतली. ताई तेवढ्यात डबा भरून निघालीसुद्धा.

गिरणी बंद झाली तरी ह्या गॅलरीतल्या पाळ्या बंद झाल्या नव्हत्या. पहिली पाळी परबांची. तीन वाजता गमरे यायचे, दुसऱ्या पाळीला. रात्रपाळी शेजारच्या खोलीतल्या मोहित्यांची. त्यांना तशीही झोप नाही, मधलं दार उघडं ठेवून पडायचे. बदली कामगारसुद्धा होते. परब गावी गेले की तळमजल्यावरचा एक जण बदलीवर यायचा. कोणी कोणाला हे करायला सांगितलं नव्हतं. भावजी दवाखान्यातून आले त्या आठवड्यात आपोआप सुरू झालं, असं ताई सांगते. मला वाटतं, तिघा माणसांना कामावर जायची सवय होती आणि काम राहिलं नव्हतं. भावजी त्यांचं काम झाले.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ह्या गॅलरीच्या एका टोकाला आमचे लोक, दुसऱ्या टोकाला मालवणी. गमरे, मोहिते आमच्यातले. परबांच्या आईने ह्या टोकाचं पाणी कधी घेतलं नाही. नळावरची भांडणं ताईने सुरुवातीला रडत रडत पत्रातून कळवली होती. त्याच बाईचा मुलगा आज भावजींची हनुवटी दोन बोटांत धरून वस्तरा फिरवत होता आणि त्यांना दम देत होता, "हलू नको रे मेल्या, कापात." मी तोंड फिरवून भाकऱ्या डब्यात रचत बसले.

गिरगाव

दुसऱ्या दिवशी मी माझं काम सुरू केलं. आत्ता सांगताना हसू येतं, पण मी खरोखरच नकाशावर फोर्टपासून करी रोडपर्यंत एक रेघ मारून आणली होती. पुस्तकाप्रमाणे बाजारपेठेला लागून पडझडीचं वर्तुळ हवं. ते म्हणजे गिरगाव.

पडझड होती, ती पुस्तकापेक्षा जास्तच. टेकू दिलेल्या इमारती, पत्र्याच्या भिंती, मेट्रोसाठी उकरलेल्या आणि आता बुजवलेल्या रस्त्यांच्या खुणा. पण पुस्तक म्हणतं, अशा ठिकाणी पैसेवाले निघून जातात आणि गरीब येतात. इथे गरीब निघून गेले होते. एका वाडीच्या तोंडाशी सदरा-लेंगा घातलेले एक आजोबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मी वर बघत उभी राहिले तसं त्यांनी शुद्ध, तासलेल्या मराठीत विचारलं, "आपण फ्लॅट पाहायला आलात की फोटो काढायला? हल्ली दोनच प्रकारचे लोक येतात."

मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांचा स्वर निवळला. वाडीतली निम्मी बिऱ्हाडं डोंबिवलीला गेली, गणपतीला येतात, आरतीला जमतात आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून प्रसाद हातात घेऊन पळतात, असं सांगत होते. वाडीच्या मागे एक मनोरा उभा होता, मान मोडेपर्यंत उंच.

"तिथे कोण राहतं?" मी विचारलं.

"विकत घेतलंय पुष्कळांनी. राहत नाही कोणी फारसं. संध्याकाळी बघा, दिवे लागत नाहीत. आमच्या वाडीत माणसं आहेत, घरं पडतायत. तिथे घरं भक्कम, माणसं नाहीत. तुमच्या भूगोलात ह्याला काही नाव आहे का?"

नाव होतं, पण त्या माणसासमोर ते घ्यायची मला लाज वाटली. माझ्या धड्याचं नावच जमिनीचा वापर. इथे जमीन वापरायचीच नव्हती, नुसती ठेवायची होती, बायका लॉकरमध्ये पाटल्या ठेवतात तशी. आजोबांनी सांगितलेल्या हॉटेलात जाऊन मी पियूष प्यायले, कोथिंबीरवडी खाल्ली. दोन्ही उत्तम होती आणि मला गोड लागली नाहीत.

परळ

शनिवारी सकाळी ताईबरोबर परळपर्यंत चालत गेले. ती कॅन्टीनमध्ये शिरली आणि मी एका मोठ्या दवाखान्याच्या बाजूच्या फुटपाथवर आले. तिथे बिऱ्हाडं मांडलेली होती. झोपडपट्टी नव्हे. धडधाकट शेतकरी माणसं, स्वच्छ धुतलेली लुगडी रेलिंगवर वाळत घातलेली, स्टीलची भांडी घासून उपडी घातलेली. एका बाईच्या बोलण्याचा हेल कानावर आला आणि मी थांबले.

"बार्शीकडच्या का?"

"वैरागच्या," ती म्हणाली, आणि लगेच सरकून मला चटईवर जागा दिली. तिच्या नवऱ्याला कॅन्सरच्या सुया चालू होत्या. एक झाली की मध्ये काही दिवस जायचे, मग दुसरी. तेवढ्यात गावी जाऊन येणं परवडत नाही आणि अंगाला झेपत नाही. "धर्मशाळा लांब हाय म्हनं. रात्रीअपरात्री रगत पडाया लागलं तर? हितं बरं, दवाखाना जवळ हाय."

जवळ. माझ्या वर्तुळांचं सगळं गणित ह्या एका शब्दावर उभं आहे. कामाच्या जवळ, बाजाराच्या जवळ. जवळ राहायचं तर जागेचं भाडं जास्त पडतं, असं मी मुलांना सांगते. ह्या बाईने ते भाडं फुटपाथवर झोपून चुकतं केलं होतं. मी तिला बरोबर घेतलेल्या, उरलेल्या कडक भाकऱ्या दिल्या. तिने एक कोपरा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आपल्या ज्वारीची हाय." मुंबईत चार दिवसांत मला कोणी इतक्या मायेने जागा दिली नाही, आणि तिच्यापाशी जागाच नव्हती.

लालबाग

तिथून लालबागकडे येताना माझी फजिती झाली. मला लघवीला लागली होती. बाईमाणसाने मुंबईत रस्त्यावर फिरावं आणि ही अडचण येऊ नये असं होत नाही. एका उंच इमारतीच्या फाटकापाशी घुटमळले, तर वॉचमनने सलाम ठोकला. माझी इरकल साडी आणि हातातली पर्स पाहून त्याने काय समजायचं ते समजून घेतलं असावं. "सॅम्पल फ्लॅट? लिफ्टसे ऊपर, मॅडम." मी नाही म्हटलं नाही. ह्या वयात प्रामाणिकपणापेक्षा काही गोष्टी तातडीच्या असतात.

वर संगमरवरी मोरी होती. मोरी म्हणवेना इतकी मोठी. ताईची सगळी खोली तिच्यात मावून वर भावजींची खुर्ची राहिली असती. बाहेर आले तर काळ्या कोटातली एक मुलगी कॉफी घेऊन उभी. "मॅम, व्ह्यू दाखवते." तिने मला एका टेबलापाशी नेलं. त्यावर ह्याच इमारतीची प्रतिकृती, आत इवले दिवे लागलेले. भोवती सगळीकडे हिरवं गवत आणि कापसाची केलेली झाडं.

"हा हिरवा भाग कुठला?" मी विचारलं.

"ग्रीन झोन आहे, मॅम."

"ही पूर्व दिशा ना? मग इथे घोडपदेव यायला हवं, चाळी, वस्ती."

तिने इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. "येतंच," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही मुंबईच्या नाही ना? घ्यायला आलेले लोक असं विचारत नाहीत."

"तू कुठे राहतेस?"

तिने कापसाच्या एका झाडावर बोट ठेवलं. "इथे. दुसऱ्या मजल्यावर. आई म्हणते, तुझं ऑफिस दिसतं ना वरून, हात करत जा. मी एकदा काचेतून करून बघितला. आईला काय दिसणार."

मी खरं काय ते सांगून टाकलं, शिक्षिका आहे, मोरीसाठी आले होते. ती पहिल्यांदा मनापासून हसली आणि म्हणाली, "मग कॉफी पिऊनच जा, बाई. माझी आजची एक व्हिजिट तर झाली." कॉफी पिताना मी खिडकीतून खाली पाहिलं. चाळींची कौलं, पत्रे, त्यांच्यामधून चारी बाजूंना वर आलेले मनोरे, कशाचा कशाशी मेळ नाही. वर्गात दाखवलेलं तिकीट समोर पसरलं होतं आणि माझ्या बहिणीची चाळ त्यात अजून पुकारली न गेलेली चौकट होती. उद्यापर्यंत.

पुन्हा करी रोड

संध्याकाळी गॅलरीत पंगत बसली. परबकाकूंनी बांगड्याचं तिखलं पाठवलं होतं, मोहित्यांकडून भात, आणि माझी शेंगाची चटणी सगळ्यांत आधी संपली. दुसरी पाळी चालू होती, म्हणून गमरे भावजींना भरवत होते. गमरे हे युनियनचे जुने माणूस, अजून बोलताना तर्जनी वर असते.

उद्याच्या सोडतीचा विषय निघाला, तेव्हा मला कळलं की सोडत मुळात व्हायचीच नव्हती. बिल्डरच्या माणसाने आधी सुचवलं होतं, आज जे एका गॅलरीत आहेत ते नव्या इमारतीत लागोपाठच्या मजल्यांवर राहतील. ते चाळीनेच हाणून पाडलं.

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे?" गमऱ्यांची तर्जनी वर गेली. "कोणाला खालचा मजला, कोणाला वरचा, हे ठरवणार कोण? कमिटी? कमिटीत कोण आहे ते आम्हाला माहीत नाय? अहो बाई, गिरणीत आमची जिंदगी जॉबरने खाल्ली. कोणाला भरती करायचं, कोणाला चांगला साचा द्यायचा, कोणाला बदलीत सडवायचं, सगळं जॉबरच्या मर्जीवर. ज्याने कोंबडी पोचवली तो पर्मनंट. आता म्हातारपणी पुन्हा जॉबर नको. सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात. वर-खाली, आमचे-तुमचे, काही नाय. चिठ्ठी कोणाच्या बापाची नसते."

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "मीपण हात वर केला."

परबांनी मान डोलावली. मोहितेही हो म्हणाले. मलाही ते अगदी न्यायाचं वाटलं, हे लिहून ठेवते. हाउजीची गोष्ट मी तेव्हाच सांगितली, गंमत म्हणून, आणि सगळे हसले. भावजी हसले नाहीत. घास तोंडात धरून ते एकेकाकडे बघत होते. त्यांना किती कळत होतं कोण जाणे. ह्या खोल्या एका गॅलरीवर आहेत म्हणून पाळ्या आहेत, एवढी साधी गोष्ट आम्हा शहाण्यांपैकी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. चाळ असेल तिथे पाळी असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. उजेड धरून चालतो तसं.

रविवारी सकाळी चाळीच्या पटांगणात मांडव घातला. टेबलावर स्टीलचे दोन डबे, भिशीला वापरतात तेच. एकात नावं, दुसऱ्यात घरांचे नंबर. इथे भिशीची चिठ्ठी नेहमी पाहुण्याने काढायची असा रिवाज आहे, कारण पाहुण्याचं कोणाशी घेणंदेणं नसतं. गमऱ्यांनी माईकवरून माझं नाव पुकारलं. सोलापूरच्या प्राध्यापिका, आपल्या चाळीच्या पाहुण्या. टाळ्या पडल्या. मी पदर खोचून उभी राहिले; खोटं कशाला सांगू, मला मोठेपणा वाटला.

एका बाईने नाव काढायचं, मी नंबर काढायचा. डब्यात हात घालायचा, ढवळायचं, चिठ्ठी वर धरून उलगडायची. परब निघाले, चौथा मजला. त्यांनी दोन्ही हात वर केले, गुडघे दुखतात त्यांचे. गमरे निघाले, अकरावा. मध्ये पुष्कळ नावं गेली. एका तरुण जोडप्याला अठरावा आला, ती दोघं नाचायचीच बाकी राहिली. मोहिते निघाले, बाविसावा. तेव्हा कुठे माझा हात डब्यात थबकला. मी ताईकडे पाहिलं. ती गर्दीत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिलाही आत्ताच कळलं.

"दिनकर," असं नाव पुढच्याच चिठ्ठीवर निघालं. मी ढवळत राहिले. जणू चौथा किंवा निदान बाविसावा बोटांना ओळखू येणार होता. शेवटी काढला. अठरावा. माझ्या हाताने.

टाळ्या पडल्याच. समुद्र दिसणार म्हणून कोणीतरी ताईला पेढा भरवला.

मांडव निघायच्या आत परबांनी त्या तरुण जोडप्याला गाठलं. "माझो चौथो मजलो घेवा आणि तुमचो अठरावो माका देवा. माका दिनकराच्या बाजूक रवाचा आसा."

मुलगा वाईट नव्हता. त्याने परबांचा हात धरला. "काका, नशिबाने आलंय. बायको नाय ऐकणार."

मग परब गमऱ्यांकडे वळले. गमरे खुर्चीत बसून होते, दोन्ही हात मांडीवर. "परब, अरे एक बदल केला की उद्या पन्नास येतील. मग कमिटीच ठरवणार कोणाचा करायचा, कोणाचा नाय. परत जॉबर." त्यांचा आवाज माईकवरचा राहिला नव्हता. परब ताईला म्हणाले, तू बोल. ताई म्हणाली, "मी हात वर केला होता ना, भाऊ. आता मला वाईट चिठ्ठी आली म्हणून फिरवू कसा?"

त्या दिवशी तीन वाजता गमरे वेळेवर आले. भावजींना चहा पाजताना थोडा सदऱ्यावर सांडला, आणि गमरे तो डाग पुन्हा पुन्हा पुसत होते.

मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. बिल्डरवर काढावा तर त्याने शेजार ठेवायची तयारी दाखवली होती. कमिटीने काही खाल्लं नव्हतं. माणसं आपल्या जुन्या जखमेला भिऊन अगदी सरळ वागली होती. लांब बसलेला पैसा शहराच्या चौकटी करतो, असं मी शिकवते. इथे चौकटी चाळीने आपणहून करून दिलेल्या होत्या, आणि पुकारायला मी सोलापूरहून गेले होते.

दादर

सोमवारी निघाले. परब दाढीची वाटी घेऊन दारात होतेच. मी त्यांच्या पाया पडले, तर मागे सरकून म्हणाले, "चाळ खाली होयसर तरी मी आसंय." ताई मला पोचवायला दादरपर्यंत आली. पुलाखाली फुलवाले बसले होते. झेंडूवाल्याशेजारी शेवंतीवाला, त्याच्या पलीकडे दुर्वा विकणारी बाई. एक जण उठून गेला तर दुसऱ्याने त्याचं गिऱ्हाईक सांभाळलं, पैसे त्याच्या गोणपाटाखाली सरकवले. ताई ते बघत उभी राहिली. "कॅन्टीन सोडावं लागेल ना गं मला?" तिने विचारलं. मी म्हटलं, काहीतरी मार्ग निघेल. दुसरं काय म्हणणार.

सोलापूर

धडा शिकवून झाला. वर्तुळं काढली, चौकटी काढल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग पाहिलंत का, मॅडम?" पाहिलं म्हटलं. कसं आहे, तर परीक्षेत येईल तेवढं सांगितलं. हाउजीचं तिकीट पुन्हा वर्गात नेलं नाही.

पुढच्या काही महिन्यांत चाळ रिकामी झाली. परब बिल्डरने दिलेलं भाडं घेऊन विरारला लेकीकडे गेले, गमरे दिव्याला, मोहिते गावी. ताईला आणि भावजींना अँटॉप हिलच्या संक्रमण शिबिरात खोली मिळाली. परब सुरुवातीला विरारहून यायचे, दाढीची वाटी पिशवीत घालून. मग गुडघे अगदीच गेले. ताईने कॅन्टीन सोडलं. मनोरा होईल तेव्हा होईल, अठराव्या मजल्यावरही काही वेगळं नसणार, हे तिला ठाऊक आहे.

परवा तिचा फोन आला. शेजारची दारं बंद असतात, नावंसुद्धा माहीत नाहीत, असं सांगत होती. भावजी सकाळी खांद्यावर पंचा टाकून दाराकडे तोंड करून बसतात म्हणाली. बोलता बोलता मागून त्यांचा आवाज आला.

"पाळी?"

"माझी," ताई म्हणाली आणि मला भाजीचे भाव सांगू लागली. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "पाळी?"

"माझीच हो."

"मग?"

ताईने भाजीचे भाव अर्धवट टाकले. "मगही माझीच," ती त्यांना म्हणाली. "आता सगळ्या माझ्याच."